गुडघेदुखीवाल्या बाबांना लढायांच्या जागा दाखवायच्यात: ठाण्याहून गाडीने, दोन दिवस, गड नको

वाघबीळ_वॅगनआर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, "रायगडाला न्या, रोपवे आहे की" हे उत्तर नको. रोपवेने वर पोचल्यावरही पायऱ्या असतात हे मी बाबांना पाठुंगळीला घेऊन शिकलोय. त्या दिवसानंतर ते चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. फौजीला पोराने उचलून न्यायचं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

बाबा ७४ वर्षांचे. बॉम्बे सॅपर्समधून (लष्करातले इंजिनिअर, पूल बांधणं आणि सुरुंग हे काम, केंद्र खडकीला) हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीच्या गेटवर १५ वर्षं काढली. १९७१ ला विशीत होते. राजस्थानच्या वाळूत सुरुंग पेरले आणि लढाई संपल्यावर तेच सुरुंग काढले. त्याबद्दल विचारलं की एकच वाक्य बोलतात: "पेरणं सोपं. वाळू सरकते, नकाशा सरकत नाही." पुढे चहा.

दोन्ही गुडघे गेलेत. सपाटीवर दोनेकशे पावलं चालतात, मग टेकायला काहीतरी लागतं. आई गेल्यापासून घराबाहेर पडणं म्हणजे पेन्शनची बँक आणि शेजारच्या ब्रह्मांड भागात भाजी. परवा जेवताना स्वतःहून म्हणाले, "खडकी बघून चाळीस वर्षं झाली." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलंय, म्हणून हा धागा.

लोंगेवाला, द्रास वगैरे सुचवू नका. व्हिडिओ त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलेत, आणि मला सुट्टी फक्त शनिवार-रविवारची आहे. गाडी जुनी वॅगनआर, चालवणार मी एकटा. गाडी कुठपर्यंत जाते, बसायला जागा आहे का आणि स्वच्छतागृह किती लांब, एवढं कळलं तरी पुरे. ठाण्यातच काही असेल तर तेही सांगा. इतिहास बाबा मला शिकवतीलच.

नेरूळचा_नकाशा

पहिला थांबा वडगाव मावळ, डोळे झाकून. (गाडी चालवताना नव्हे.) ठाण्याहून शंभरेक किलोमीटर. एक्सप्रेसवेने लोणावळ्यापर्यंत जा आणि तिथे उतरून जुना हायवे धरा. थेट तळेगावला उतरलात तर गंमत गेली, कारण इंग्रज ज्या वाटेने रखडत गेले ती कार्ला, कामशेत, वडगाव हीच.

तुमच्या बाबांना माहीत असेल, पण तुमच्यासाठी थोडक्यात. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईहून कंपनीची फौज निघाली. पनवेलला उतरली, बोरघाट चढली. बरोबर सामान इतकं की ओढायला हजारो बैल, आणि चाल गोगलगायीची. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने गेला. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली तर गाव आपल्याच लोकांनी जाळून मोकळं केलेलं. दाणा नाही, चारा नाही. दोन दिवसांनी रात्रीतून माघार, अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात. वडगावला महादजी शिंद्यांनी गाठलं आणि १६ जानेवारीला तहावर सह्या झाल्या.

आता ठाणेकरांसाठी खास बात. ठाणे आणि साष्टी (तुमचं वाघबीळ त्याच बेटावर) इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात घेतली होती. वडगावच्या तहात १७७३ नंतर घेतलेलं सगळं परत द्यायचं ठरलं. म्हणजे तुमचं वाघबीळ वडगावच्या कागदावर मराठ्यांना परत मिळालं होतं! कागदावरच राहिलं, कारण वरच्यांनी तह मान्यच केला नाही, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मी दर वेळी त्या विजयस्तंभासमोर उभा राहिलो की हेच मनात येतं, बाकी शौर्य वगैरे नंतर.

स्तंभ आणि महादजींचा पुतळा जुन्या हायवेलाच आहे. स्टुअर्टची समाधी पोलीस ठाण्याच्या आवारात. लोकांनी त्याचं नाव "इष्टुर फाकडा" करून टाकलं. शत्रू होता, पण गडी फाकडा होता, हे म्हणायला आपल्या लोकांना अडचण वाटली नाही. पोलीस ठाण्यात शिरताना दचकू नका, काय काम आहे ते सांगितलं की झालं.

चुका_काढणारा

नकाशाभाऊंनी सगळं बरोबर लिहिलंय, त्यामुळे मला आज काम नाही. फक्त भर घालतो.

ठाण्यात काय आहे विचारलंत, तर रोज बसमधून ज्या उंच भिंती बघता तेच. मध्यवर्ती कारागृह म्हणजेच ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ च्या साष्टीच्या मोहिमेत चिमाजीआप्पांच्या फौजेने घेतला. आत जाता येत नाही (आणि देव करो जायची वेळ न येवो), पण बाहेर गाडीत बसूनही बाबांना एक गोष्ट सांगता येईल. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाबद्दल दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होता. पहारा गोऱ्यांचा, मुद्दाम ठेवलेला, म्हणजे फितुरीची भीती नको. एक मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करता करता खिडकीखाली गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना वाटलं गातोय बिचारा. गाण्यातून निरोप चालले होते! सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार.

भाषा न शिकण्याचे तोटे. कोणाला उद्देशून नाही.

त्याच आवारात १९ एप्रिल १९१० ला, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. रस्त्याच्या त्या बाजूला मी हॉर्न वाजवत नाही. बायको हसते.

माणगावची_सून

दादा, पुण्याकडे जाताय ते ठीक, पण एखादा रविवार आमच्या माणगावसाठी ठेवा. मी कामोठ्याला राहते, सासर माणगावजवळ. पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर आणि माणगाव. शनिवारी सकाळी मात्र निघू नका, अख्खी मुंबई कोकणात निघालेली असते आणि इंदापूर ते माणगाव तुम्ही गाडीत नसता, रांगेत असता.

तहसील कचेरीच्या आवारात नाईक यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. व्हिक्टोरिया क्रॉस. लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी मी त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं, कारण कचेरीत माणूस जातो तेव्हा डोक्यात फेरफार आणि सातबारा. एकदा सासऱ्यांबरोबर तिथे ताटकळत असताना माझ्या लेकाने विचारलं, "हे आजोबा कोण?" सासरे म्हणाले, "आजोबा नाही रे, २२ वर्षांचा पोरगा होता." मग तिथेच कठड्यावर बसून सांगितलं.

१० जुलै १९४४, इटली. मराठा लाइट इन्फंट्रीची तुकडी. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि याच्या सेक्शनमधले सगळे पडले, एकटा हा उरला. हा तसाच धावत गेला. हातबॉम्ब टाकला, एकाला टॉमीगनने पाडला. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तर तीच बंदूक नळीकडून धरली, काठीसारखी, आणि उरलेल्या दोघांना हाणून मारलं. मग लांबून गोळ्या आल्या, छातीत आणि पाठीत. देह सापडला नाही, कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. कुठे इटली आणि कुठे आमचा भातशेतीचा तालुका!

लेकाने शेवटी विचारलं, बंदूक गरम नव्हती का? सासऱ्यांना उत्तर आलं नाही. तुमच्या बाबांना विचाराल का प्लीज?

पायऱ्या नाहीत, गाडी जवळ जाते. स्वच्छतागृहाचं म्हणाल तर कचेरीवर विसंबू नका, हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात थांबून या.

सुभेदार_ऐरोली

जयहिंद.

खडकीला वॉर सिमेट्री दाखवा. मुळा रोड, होळकर पुलाजवळ. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ जणांच्या कबरी. जमीन सपाट, हिरवळ, बाकं आहेत, गोंगाट नाही. गुडघ्यांना याहून चांगली जागा पुण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी अहिल्यानगर. फराहबागेजवळ रणगाडा संग्रहालय, आर्मर्ड कोअरचं. पहिल्या महायुद्धापासूनची यंत्रं, पॅटन, सेंच्युरियन, आपला विजयंता. बरंचसं उघड्यावर मांडलेलं, त्यामुळे दुपारी १२ नंतर जाऊ नका, लोखंड तापतं आणि माणूसही. ओळखपत्र मूळ ठेवा, मोबाइलमधला फोटो नको. बाबांचं माजी सैनिकाचं कार्ड त्यांच्याच खिशात राहू द्या. तुम्ही पुढे होऊन बोलू नका, गेटवर त्यांना बोलू द्या.

परतीला पुणे नको. नगर, आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण, ठाणे. घाट उजेडात उतरा.

वेळ उरला तर पुण्यात घोरपडीकडे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलं, १९९८ ला खुलं झालं. कारगिलच्या वेळचं मिग-२३ ठेवलंय. वेळ नसेल तर सोडा. एका दिवसात तीन ठिकाणं म्हणजे पाहुणचार नाही, फटीग ड्यूटी.

स्टेपनी तपासा.

वाघबीळ_वॅगनआर

सगळ्यांचे आभार. सुभेदार साहेब, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. "रँक बघ, लिहिण्यावरून कळते" म्हणाले. पुढच्या शनिवारी निघतोय.

वाघबीळ_वॅगनआर

जाऊन आलो. लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर माळशेजपर्यंत उडी मारा.

पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं होतं. मी पावणेसहाला खाली आलो तेव्हा बाबा गाडीजवळ उभे, बूट पॉलिश केलेले, हातात काठी, गळ्यात मफलर. "पंधरा मिनिटं" एवढंच म्हणाले. लोणावळ्यापर्यंत दुसरा शब्द नाही.

कार्ला सोडलं आणि कामशेतच्या अलीकडे मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही. होय, सुभेदार साहेब, तपासली नव्हती. बाबा उतरले, स्टेपनी काठीने दोनदा ठोकली आणि म्हणाले, "इंग्रजसुद्धा इथेच अडकले होते." पुढे ढकलत ढकलत एका पंक्चरवाल्याकडे नेली. एक खिळा होता, त्याने तीन पंक्चर लावले. मी हुज्जत घालायला लागलो तर बाबांनी ट्यूबच मागून घेतली, पाण्याच्या पाटीत स्वतः बुडवून बघितली आणि फक्त एका जागेवर बोट ठेवलं. एकाचेच पैसे दिले. त्या माणसाने वर चहा पाजला.

वडगावला महादजींच्या पुतळ्यासमोर पाच मिनिटं. समाधीपाशी मात्र अर्धा तास. पोलीस ठाण्यातल्या एका हवालदाराने स्वतःची खुर्ची आणून दिली. हवालदार-हवालदार काय ते जमलं त्यांचं. मी नकाशाभाऊंची ठाणे परत मिळाल्याची गोष्ट सांगितली तर बाबा म्हणाले, "सही करणाऱ्याला अधिकार होता का ते आधी बघायचं असतं." बँकेत फॉर्म भरतानाही हेच म्हणतात.

मग देहूरोड, पिंपरी, दापोडी. दापोडीला मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेजची भिंत सुरू झाली आणि बाबा सीटवर सरळ झाले. "हळू घे." मागून सगळे हॉर्न मारतायत, मी २० च्या वेगाने. हॅरिस पुलावर खिडकीची काच खाली केली. "याच पाण्यात पूल बांधायला शिकलो आम्ही. डिसेंबरात. सकाळी पाचला." आणि मग जे सुरू झालं! कोण बुडता बुडता वाचला, कोणाचं बोट दोन तुळयांत सापडलं, लंगरात शनिवारी काय असायचं. चाळीस वर्षांचं साठलेलं. मी फक्त गिअर बदलत होतो.

वॉर सिमेट्रीत मला वाटलं होतं ते गप्प होतील. गप्प नाही झाले. पहिली गोष्ट त्यांनी बघितली ती रांग. एका कोपऱ्यात उभे राहून एक डोळा मिटला, म्हणाले, "आडवी बघ, उभी बघ, तिरकी बघ. कुठूनही सरळ." मग दगडांवरचे बिल्ले वाचत निघाले. मला वाटलं नावं वाचतायत, तर नाही, रॉयल इंजिनिअर्सचा बिल्ला शोधत होते. सापडला. सॅपर, वय २१. दगडाच्या तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ इंग्रजीत होती. मला वाचायला सांगितली, मराठीत काय होतं ते विचारलं. सांगितलं. मग म्हणाले, "अफसर कुठेत?" मी दाखवलं, तिथेच, मधेमधे, त्याच मापाचा दगड. "बरोबर," म्हणाले. काठी बगलेत धरली, सावधान झाले, सलामी नाही केली. टोपी नव्हती ना डोक्यावर. हे मला गाडीत समजावून सांगितलं.

दोनेकशे पावलांची मर्यादा त्यांनी तिथेच मोडली. मी मोजत होतो, साडेचारशेला सोडून दिलं.

रात्री पुण्यात आत्याकडे. युद्ध स्मारक राहिलं, सुभेदार साहेबांचं ऐकलं.

नगरला सकाळी लवकर पोचलो. गेटवर बाबांनी कार्ड काढलं, मी दोन पावलं मागे उभा राहिलो. (हाही सल्ला बरोबर होता.) एवढे रणगाडे, मी फोनवर एकेकाची माहिती शोधतोय, बाबा मात्र नळीकडे बघतच नाहीत. प्रत्येकाच्या पोटाकडे बघतायत. एका जुन्या रणगाड्यापाशी थांबले, वाकता येईना, म्हणून काठी आडवी करून खाली सरकवली. जमीन आणि रणगाड्याचं पोट यात किती अंतर ते अंगठ्याने काठीवर पकडून ठेवलं. मला म्हणाले, "यात आडवा होशील तू?"

माझं पोट बघता नाही.

मग बाबांनी सेकंड लेफ्टनंट राण्यांची गोष्ट काढली. राम राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरीचा रस्ता. झाडं पाडून रस्ता अडवलेला, सुरुंग पेरलेले, वरून मशीनगन. पहिल्याच दिवशी जखमी झाले तरी ८ ते ११ तारखेपर्यंत रस्ता मोकळा करत रणगाडे पुढे काढले. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, ड्रायव्हरला दोरीने इशारे देत गेले, ही गोष्ट बाबांना रंगरूट असताना खडकीत सांगितली होती. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले पहिले. "तेव्हा आम्हाला वाटायचं उस्ताद फेकतोय. एवढ्याशा जागेतून कोण जाईल? रणगाड्याच्या इतक्या जवळ मी पुन्हा कधी गेलोच नाही, तर बघणार कधी?" काठीवरचा अंगठा अजून तसाच होता. "पण जाईल. बारीक माणूस असेल तर जाईल."

म्हणजे पन्नास-एक वर्षांची शंका होती, फिटली.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, या दोन्हीतलं नाही, वाटेत सहज थांबलो होतो, उतार बांधलेला पण त्याला साखळी लावून कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. बाबा म्हणाले, चल, असले पूल मी खूप बघितलेत.

माळशेज उजेडात उतरलो. मुरबाडच्या पुढे ते झोपले ते थेट कळव्याला उठले.

माणगावच्या ताई, तुमच्या लेकाचा प्रश्न विचारला. उत्तर जसंच्या तसं: "गरम असते. चटका बसतो. पण तो नंतर कळतो, आणि त्याला नंतर नव्हतं." लेकाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

माणगावची_सून

सांगितलं. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पुन्हा कधी जायचं कचेरीत.

नेरूळचा_नकाशा

राणेंचा पुतळा कारवारला आहे. समुद्रकिनाऱ्यावर चपळ ही जुनी क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवलीय, तिच्या शेजारीच. राणे त्याच भागातले. बाबांना सांगू नका, लगेच निघतील.

वाघबीळ_वॅगनआर

उशीर झाला. तुमचा प्रतिसाद त्यांनी माझ्या आधी वाचला, परवापासून फोन त्यांच्याकडेच असतो. नगरहून आणलेली बॅग अजून रिकामी केलेली नाही.

तर पुढचा प्रश्न. ठाणे ते कारवार, जाताना माणगावला पुतळा, मुक्काम रत्नागिरी की कणकवली?

सुभेदार_ऐरोली

कणकवली. पाठीला उशी घ्या. स्टेपनी.